काटेरी गोळ्यांचे कूळ

समता कॉलोनी काय किंवा सारे रायपूर काय, वसले आहे ते सुमारे १०० कोटी वर्षांच्या, कदाचित त्याहूनही जुन्या खडकांवर. त्यांत काटेरी, सूक्ष्म जीवाश्म सापडला, तर त्याला म्हणावे काय?

एरेनबेर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात गारेच्या पातळ कपच्यांत असेच गोळे पाहिले आणि गोड्या पाण्यातील शैवल समजून त्यांना ‘झँथिडियम’ म्हटले. गार मात्र समुद्रातली! १९३३ साली ओटो वेट्झेल यांनी त्यांना स्वतंत्र कुल दिले. नाते काही जुळले नाही.

१९६१ मध्ये अमेरिकेच्या विल्यम एव्हिट यांनी काटे सोडून कवचाच्या भोकाकडे पाहिले. डायनोफ्लॅजेलेट या सागरी सूक्ष्मजीवाच्या चिलखतातील पट्ट्यांशी त्याचा आकार नेमका जुळत होता. निद्रिस्त जीव त्याच दाराने बाहेर पडला होता!

ज्यांचे कूळ असे सिद्ध होईना, त्यांच्यासाठी एव्हिटांनीच १९६३ मध्ये ‘अ‍ॅक्रिटार्क’, म्हणजे ‘मूळ अनिश्चित’, हा वर्ग काढला. अज्ञानालाही रीतसर कप्पा देणारे हे शास्त्र मला मोठे प्रामाणिक वाटते. डायनोफ्लॅजेलेटांचे निःसंशय कोश सुमारे २४ कोटी वर्षांपलीकडे मिळत नाहीत. म्हणून रायपूरच्या खडकातला गोळा, कितीही तसाच दिसो, अ‍ॅक्रिटार्कच म्हणावा लागेल.