भट्टीतला थर्मोकपल: निगा कशी राखायची आणि कधी बदलायचा?

मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या इलेक्ट्रिक भट्टीतले ३६ मग एका रात्रीत वाया गेले. कंट्रोलरवर आकडा बरोबर १२२० होता. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटलेलं. आत ठेवलेला कोन ६ पार झोपलेला आणि शेजारचा कोन ७ सुद्धा वाकलेला. म्हणजे भट्टी आकड्यापेक्षा निदान वीस अंश जास्त तापली होती. कंट्रोलर ठीक होता, कॉइलही ठीक होत्या. खोटं बोलत होता तो थर्मोकपल. त्यानंतर मी जे शिकले, ते आज सविस्तर पाहूया.

थर्मोकपल काम कसं करतो?

दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं, की दुसऱ्या टोकांमध्ये अगदी थोडं व्होल्टेज मिळतं. हा परिणाम थॉमस झेबेक यांनी १८२१ साली दाखवला. छोट्या भट्ट्यांमध्ये सहसा के टाइप असतो. त्याच्या दोन्ही तारा निकेलच्या मिश्रधातूंच्या: एकीत क्रोमियम, दुसरीत थोडं अॅल्युमिनियम. १००० अंश सेल्सिअसला तो सुमारे ४१ मिलिव्होल्ट देतो. एस टाइप प्लॅटिनमचा असतो. तो महाग, पण जास्त तापमानाला टिकणारा. त्याच १००० अंशांना तो जेमतेम साडेनऊ मिलिव्होल्ट देतो.

म्हणूनच के काढून एस बसवला तर कंट्रोलरची सेटिंगही बदलावीच लागते. ती विसरलात तर भट्टी १००० वर असताना आकडा २३५ च्या आसपास दिसेल, आणि कंट्रोलर बिचारा तापवतच राहील.

तो बिघडतो म्हणजे नक्की काय होतं?

तार तुटली तर बरंच म्हणायचं. बहुतेक कंट्रोलर लगेच एरर दाखवून भट्टी बंद करतात. खरा धोका हळूहळू होणाऱ्या बिघाडाचा आहे. भाजणीगणिक तारेतला क्रोमियम जळत जातो, तार बारीक होते आणि व्होल्टेज कमी पडतं. आकडा कमी दिसला की कंट्रोलर आणखी तापवतो. म्हणजे म्हातारा थर्मोकपल बहुधा माल कच्चा ठेवत नाही, जास्त भाजतो.

ऑक्सिजन कमी असेल तर हे फार लवकर घडतं, विशेषतः ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात. तारेवर हिरवट थर येतो, त्याला ग्रीन रॉट म्हणतात. गॅसच्या भट्टीत रिडक्शन करणाऱ्यांनी उघडा के टाइप वापरूच नये. बिस्क भाजणीत मातीतला कचरा आणि गंधक जळून धूर निघतो, तोही निकेलला मारक. म्हणून सुरुवातीला झाकणाची फट किंवा वरचं भोक उघडं ठेवा.

संरक्षक नळी कोणती घ्यावी?

के टाइप दोन प्रकारे मिळतो: जाड तारेचा उघडा, किंवा सिरॅमिक नळीतला. उघडा पटकन प्रतिसाद देतो, पण त्याची खपली सुटून खालच्या भांड्यावर तपकिरी ठिपके पडतात. नळी असेल तर हा त्रास वाचतो. फक्त नळी फार अरुंद नको. आत हवा खेळती नसेल तर ग्रीन रॉट नळीतही होतो. एस टाइपला मात्र शुद्ध अॅल्युमिनाची, वायू आत न जाऊ देणारी नळीच हवी. जास्त तापमानाला धातूच्या नळीतून निघणारी वाफ प्लॅटिनम खराब करते.

सिरॅमिक नळीचे दोन शत्रू: अचानक थंड हवा आणि आपला हात. भट्टी गरम असताना ती ओढून काढू नका. माल भरताना शेल्फचा कोपरा तिला लागतो आणि बारीक तडा जातो. मी आता थर्मोकपलच्या बाजूचं शेल्फ सगळ्यात आधी लावते.

बसवताना होणाऱ्या चुका

- टोक भिंतीपासून साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर आत असावं आणि शेल्फला किंवा भांड्याला टेकू नये.
- जुना थर्मोकपल आत-बाहेर सरकवू नका. व्होल्टेज टोकाच्या जोडात नाही, तर तारेचा जो भाग गरमाकडून थंडाकडे जातो तिथे तयार होतं. जागा बदलली की तारेचा वेगळा, झिजलेला भाग त्या पट्ट्यात येतो आणि आकडा बदलतो.
- कंट्रोलरपर्यंतची वायर त्याच टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल असावी. साधी तांब्याची वायर लावली, भट्टीबाहेरचं टर्मिनल ७० अंशांवर आणि कंट्रोलर ३० वर असेल, तर आकडा सुमारे ४० अंश कमी दिसतो.
- लाल म्हणजे प्लस असं धरून चालू नका. अमेरिकन रंगपद्धतीत के टाइपची पिवळी तार प्लस आणि लाल मायनस असते. आयईसी पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. शंका आली तर लोहचुंबक लावून बघा: के टाइपची चुंबकाला चिकटणारी तार मायनस.
- टर्मिनलचे स्क्रू दर काही महिन्यांनी घट्ट करा, गंज आला असेल तर पॉलिश पेपरने घासा. अर्थात मेन स्विच बंद करूनच.

तपासायचं कसं?

उकळत्या पाण्यात टोक बुडवून बघतात. त्याने वायरिंग उलटी आहे का, टाइप चुकलाय का एवढं कळतं. १२०० अंशांवरचा खोटेपणा त्यातून कळत नाही.

त्यासाठी कोनच हवेत. जर्मनीत हर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये आणलेली ही युक्ती अजून तितकीच भरवशाची आहे, कारण कोन भांड्यासारखाच भाजला जातो. मी प्रत्येक ग्लेझ भाजणीत थर्मोकपलच्या जवळ ५, ६ आणि ७ असे तीन कोन ठेवते. तासाला ६० अंशांच्या वेगाने गेलं तर ऑर्टनचा कोन ६ साधारण १२२२ ला वाकतो.

दुसरं साधन म्हणजे वही. तारीख, लागलेला वेळ, शेवटचा आकडा आणि कोनांची अवस्था लिहायची. माझ्या वहीत आठ तासांची भाजणी हळूहळू सव्वानऊ तासांवर गेलेली दिसत होती. मी समजले, कॉइल जुन्या झाल्या. इथे एक सोपा नियम लक्षात ठेवा: वेळ वाढला पण कोन बरोबर वाकला, तर संशय कॉइलवर. वेळ वाढला आणि कोनही जास्त वाकला, तर संशय थर्मोकपलवर. मी वेळ बघितला, कोनांकडे नीट बघितलं नाही. त्याचे पैसे ३६ मगांनी भरले.

कधी बदलायचा?

तार निम्मी बारीक झाली, खपल्या पडू लागल्या, हिरवट थर दिसला, आकडा मध्येच उड्या मारू लागला किंवा सलग दोन भाजण्यांत कोन जास्त वाकला, की बदला. कंट्रोलरमध्ये ऑफसेट टाकून पाच-सात अंश सांभाळता येतात. पण झिजणाऱ्या थर्मोकपलला दर महिन्याला ऑफसेट वाढवत बसणं म्हणजे रोग लपवणं. आता एक नवा थर्मोकपल कायम माझ्या कपाटात असतो, आणि बदलल्यावर पहिली भाजणी ऑर्डरच्या मालाची नाही, नमुन्यांची करते.

शेवटचं एक: भट्टीला वेगळ्या थर्मोकपलवर चालणारं ओव्हर-टेंपरेचर कटऑफ जरूर लावा. आणि ते असलं तरी शेवटचा तासभर भट्टीजवळ थांबा. आकड्यावर विसंबून झोपायला जाऊ नका. मी गेले होते.