बाह्य हृदयमर्दन

बंद पडलेल्या हृदयातून रक्त पुढे ढकलण्यासाठी छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही हातांनी लयीत दाब देण्याची पद्धत. सीपीआरचा, म्हणजे छातीदाब आणि श्वास देऊन माणसाला वाचवण्याच्या तातडीच्या उपचाराचा, हा गाभा. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण हृदय बहुधा चालूच असते; अशा शुद्धीतल्या रुग्णाची छाती दाबायची नसते. हा उपाय हृदयक्रियाच थांबलेल्या, बेशुद्ध माणसासाठी आहे.

या पद्धतीचे मूळ रुग्णालयात कमी आणि विजेच्या खांबावर जास्त सापडते. तारांवर काम करणारे कामगार शॉक लागून दगावत. त्यामुळे अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधनाला पैसा पुरवला. त्याचे प्रमुख विल्यम कौवेनहोवन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. थरथरणारे हृदय बाहेरून विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणणारे यंत्र त्यांना हवे होते. 1958 साली कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याला एक गोष्ट दिसली: झटका देण्याआधी यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की धमनीतला रक्तदाब चढतो. शल्यविशारद जेम्स जूड यांनी हे निरीक्षण माणसांपर्यंत नेले. 9 जुलै 1960 रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तिघांचा लेख आला. 20 रुग्णांपैकी 14 वाचले होते. रुग्णालयाबाहेर हा आकडा कुठेच टिकला नाही आणि टिकणारही नव्हता. हे रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर कोसळले होते.

तोवरचा मार्ग म्हणजे छाती उघडून हृदय हातात धरून दाबणे. क्लीव्हलँडच्या क्लॉड बेक यांनी 1947 मध्ये एका 14 वर्षांच्या मुलाला तसेच वाचवले होते, अर्थात झटक्याची जोड देऊन. गंमत अशी की जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या फ्रीडरिश मास यांनी 1892 मध्येच छाती बाहेरून दाबून हृदय चालू केल्याची नोंद छापली होती. ती जवळपास सात दशके धूळ खात पडली.

पीटर साफार आणि जेम्स ईलम यांनी सिद्ध केलेल्या तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीशी हे मर्दन लवकरच जोडले गेले. सामान्य माणसांनी सराव करावा म्हणून नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी 1960 मध्येच बाहुली तयार केली.

आज मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यावा असे सांगितले जाते. नीट दिले तरी मिळणारा रक्तप्रवाह नेहमीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांशच असतो, पण मेंदूला तेवढा आधारही मोलाचा ठरतो. हातांची जागा घेणारी यंत्रे आली. मोठ्या चाचण्यांत ती हातांपेक्षा सरस ठरली नाहीत. छातीदाबाच्या जोडीला टोचल्या जाणाऱ्या अ‍ॅड्रेनालिनची कथा अधिक अस्वस्थ करणारी आहे. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या 8,000हून अधिक रुग्णांच्या चाचणीत 30 दिवस जगलेल्यांचे प्रमाण या औषधाने 2.4 वरून 3.2 टक्क्यांवर गेले. मात्र वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेले जास्त निघाले. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये सामान्य नागरिकांसाठी श्वास देण्याचा भाग वगळून फक्त छातीदाबाची पद्धत सुचवली.

दाबाने रक्त नेमके का सरकते, यावरही वाद झाला. हृदय कण्याच्या आणि छातीच्या हाडाच्या मध्ये पिळले जाते, असे कौवेनहोवन गट मानत होता. 1976 मध्ये अमेरिकन डॉक्टर क्रायली यांनी वेगळाच पुरावा मांडला: तपासणीच्या टेबलावर हृदय थरथरू लागलेले काही रुग्ण जोरजोरात खोकून काही सेकंद शुद्धीवर राहिले. म्हणजे छातीतला दाबही रक्त पुढे रेटतो. ‘एकटे असाल तर खोका’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला याच निरीक्षणाचा विपर्यास आहे. ते रुग्ण मॉनिटरला जोडलेले होते आणि शेजारी उभा डॉक्टर त्यांना खोकायला सांगत होता. घरात हृदय थांबलेला माणूस काही सेकंदांतच बेशुद्ध होतो.