आडनावांची यादी

१९९६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतील वार्ताहर केनेथ कूपर यांनी बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांपाशी एक साधी चौकशी केली: बोलावयास एखादा दलित पत्रकार मिळेल काय? कूपर स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन. कचेरीत कोण बसले आहे यापेक्षा कोण बसलेले नाही हे आधी दिसावे, ही दृष्टी त्यांना अनुभवानेच दिली असावी. उनियालांना तीस वर्षांच्या व्यवसायातील एकही नाव आठवेना. तेव्हा त्यांनी केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त वार्ताहरांची यादी उघडली. ६८६ पैकी ४५४ जणांची जात त्यांचे आडनावच सांगत होते. उरलेल्यांपैकी ४७ जणांस त्यांनी विचारून पाहिले. दलित एकही निघाला नाही. १६ नोव्हेंबरच्या ‘पायोनियर’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. पुढे २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्रकुमार व योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील ३१५ वरिष्ठांची पाहणी केली. त्यांतही दलित वा आदिवासी कोणी नव्हता.

दिल्लीला नावे ठेवण्यापूर्वी आपण मराठी वाचकांनी थोडे मागे पाहावे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. शाहूमहाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते.

शंभर वर्षांनंतर छापखान्याची अडचण उरली नाही. नोएडातील वाहिन्यांच्या इमारतींस लागणारे भांडवल यूट्यूबवर चित्रफीत प्रसृत करण्यास लागत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी पत्रकार मीना कोटवाल यांनी दिल्लीत हिंदी व इंग्रजीतून एक डिजिटल वृत्तपत्र सुरू केले आणि त्यास ‘द मूकनायक’ हेच नाव दिले. यंत्राने जातिभेद मिटविला, असे मात्र कोणी समजू नये; छापखान्याने तरी तो कोठे मिटविला होता? पडद्यावर नाव झळकले की आडनावही झळकते, आणि पाहणाऱ्याची नजर आधी तेथेच जाते.

दिल्लीतील अनेकांना ‘मूकनायक’ या नावामागचा इतिहास समजावून सांगावा लागतो. आम्हां येथल्या मराठी मंडळींस त्याची गरज नाही. तरीही आमच्या मंडळांच्या वाचनालयांत ‘केसरी’च्या इतिहासावरची पुस्तके हाताशी असतात, आणि ‘मूकनायक’चे अंक मागावे लागतात.