तेजीचा ताळेबंद

कीर्द आणि खतावणी ही आपल्या पेढ्यांची जुनी शिस्त. रोजचा व्यवहार कीर्दीत तारीखवार टिपावयाचा, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती घालावयाचा. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे. दोन्ही बेरजा जुळल्या की हिशेब बरोबर, असे आपण म्हणतो. परंतु बेरीज बरोबर असणे निराळे आणि मालमत्ता खरी असणे निराळे. हा भेद मुंबईला 1865 साली फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी मुंबईच्या कापसाकडे वळली. भाव कडाडले, शहरात पैशाचा पूर आला. हा पैसा घालावयाचा कोठे? नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर सुमारे 50,000 रुपयांपर्यंत चढला. जमीन मात्र अजून पाण्याखालीच होती! शेअर म्हणजे धंद्यातील हिस्सा. त्याचे मोल अखेर धंद्याच्या मिळकतीवर ठरते. येथे मिळकत नव्हतीच. होती ती उद्या कोणी अधिक भाव देईल ही आशा.

या आशेचा भुर्दंड आशाळभूतांपुरताच राहिला असता. पण बँक ऑफ बॉम्बेवर 1840 च्या कायद्याने घातलेले निर्बंध 1863 च्या कायद्याने सैल झाले होते, आणि प्रेमचंद रायचंद यांचा शब्द तेथे फार चालत असे. शेअरांच्या तारणावर कर्जे वाटली गेली. कर्ज काढून शेअर घ्यावयाचे, त्या खरेदीने भाव चढावयाचा, चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज! बँकेच्या वहीत हे सारे येणे, म्हणजे मालमत्ता, म्हणून लिहिले जाई. ताळा जुळत होता. तारण पोकळ होते.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. कापूस उतरला, पाठोपाठ शेअर कोसळले. 1 जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी देणेकरी उदंड, रोकड देणारा विरळा. बँकेचे जवळजवळ सारे भांडवल बुडाले. त्यात सरकारचाही हिस्सा होता. 1868 मध्ये ती मोडून नवी बँक काढावी लागली आणि चौकशी आयोग बसला.

म्हणून ताळेबंद हाती आला की शेवटची बेरीज पाहून समाधान मानू नये. येणे कोणाकडून, तारण कशाचे आणि त्याचा भाव कोणी ठरविला, हे तीन प्रश्न विचारावेत. वही खोटे लिहीत नाही. तिच्यात जे घालावे तेच ती जपते.