कुस्तुंबुरूची कोथिंबीर

झाड एकच, पण मराठीने त्याला दोन नावे ठेवली आणि ती दोन वेगळ्या घरांतून आली. धणे हे ‘धान्य’, ‘धान्यक’ यांच्या गोतातले. दाणे धान्यासारखे म्हणून धान्यक, इतका सरळ हिशेब. दिवाळीत धणे-गुळाचा नैवेद्य दाखवतात तोही याच धनधान्याच्या नात्याने. कोथिंबिरीचे कूळ मात्र इतके सोपे नाही.

संस्कृतात ती कुस्तुंबुरू. या एका शब्दासाठी पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. वनस्पतीची जात सांगायची असेल तर मध्ये ‘स’ येतो. नुसते वाईट तुंबुरूफळ म्हणायचे असेल तर ते ‘कुतुंबुरू’. म्हणजे व्याकरणाच्या लेखी हा शब्द ‘कु’ अधिक ‘तुंबुरू’. मला ही फोड ओढूनताणून केलेली वाटते. कारण बाबिलोनच्या अक्कदी भाषेत हिलाच ‘किसिबिर्रू’ म्हणत आणि अरबीत आजही ‘कुझबरा’ म्हणतात. ही नावे शेजारी मांडली की कुस्तुंबुरू हा पश्चिमेकडून आलेला पाहुणा असावा आणि वैयाकरणांनी त्याच्या अंगात संस्कृतचा सदरा चढवला असावा, असेच दिसते. पुढे तो सदराही झिजला आणि गुजरातीत कोथमीर, कन्नडात कोत्तंबरी, आपल्याकडे कोथिंबीर झाली.

झाडाचा पुरावाही पश्चिमेकडेच बोट दाखवतो. इस्राएलमधल्या नहाल हेमार गुहेत नवाश्मयुगातले धणे सापडले. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातही धणे ठेवलेले होते. तिथे हे झाड रानात उगवत नाही, तेव्हा ते मुद्दाम लावलेले किंवा बाहेरून आणवलेले असणार.

ग्रीकांचा धागा वेगळा. मायसिनी काळातल्या मातीच्या पाट्यांवर ‘को-रि-य-द-न’ अशी नोंद आहे. ही लिपी मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये उलगडली. तिथे धणे सुगंधी तेलातही पडत. ग्रीकमध्ये ‘कोरिस’ म्हणजे ढेकूण, म्हणून पाल्याच्या वासावरून हे नाव पडले, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. इतके जुने रूप पाहता मला ती मागाहून केलेली जुळवाजुळव वाटते. वासाचे मात्र खरे आहे. पाल्यातली अल्डिहाइडे काही ढेकणांच्या वासातही असतात. धणे पिकले की ती मागे पडतात आणि लिनॅलूल पुढे येते. धण्यांना कोथिंबिरीचा वास येत नाही तो यामुळे.

स्पॅनिश लोकांनी कोथिंबीर मेक्सिकोला नेली आणि तिथे तिची गाठ मिरचीशी पडली. त्याच सुमारास पोर्तुगीजांनी मिरची आपल्याकडे आणली आणि ती इथल्या कोथिंबिरीला भेटली. आज हिरव्या चटणीत ज्यांच्यावाचून चालत नाही त्या दोघी पाचशे वर्षांपूर्वी एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

आणि विदर्भात गेलात तर भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची नव्हे, सांबाराची जुडी मागा. नागपूरच्या सांबारवडीत सारण कोथिंबिरीचेच असते. इडलीबरोबरच्या सांबाराचा तिच्यात थेंबही नसतो.