चार मिलिअँपिअरमागचा इतिहास

तेलशुद्धीकरण कारखान्यात पंपांवर नजर ठेवणारा फ्लेम डिटेक्टर वर्षानुवर्षं कंट्रोल रूमला एकच आकडा कळवत असतो: 4 मिलिअँपिअर. म्हणजे सगळं ठीक. ज्वाला दिसली की प्रवाह 20 वर जातो. मग सगळं ठीक असताना 0 का नाही?

याची मुळं रेल्वेत सापडतात. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाच्या पहिल्या सिग्नल योजनेत गाडी आल्यावर सर्किट जोडलं जाई. त्यात तार तुटली, तर गाडी समोर उभी असूनही मार्ग मोकळा दिसायचा. रॉबिन्सनने रचना उलटी केली आणि 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आता रुळांतून वीज सतत वाहायची आणि तिच्या जोरावर रिले उचललेला राहायचा. चाकं रुळांवर आली, बॅटरी संपली किंवा तार तुटली, काहीही झालं तरी रिले खाली पडायचा आणि सिग्नल धोका दाखवायचा. मुंबईच्या लोकल मार्गांवरची ट्रॅक सर्किटं याच तत्त्वावर चालतात.

कारखान्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोजमापं तांब्याच्या बारीक नळ्यांतून, हवेच्या दाबाने पोहोचत. पट्टा होता 3 ते 15 पीएसआय. तळाला 3 ठेवण्याचा मोठा फायदा असा, की नळी फुटली किंवा कॉम्प्रेसर बंद पडला की काटा 3 च्याही खाली जाई आणि ऑपरेटर सावध होई. पुढे इलेक्ट्रॉनिक्स आलं, 4 ते 20 मिलिअँपिअरचा पट्टा रुळला. तळ आणि माथा यांचं 1:5 हे प्रमाण तेच राहिलं. 250 ओहमच्या रोधावर त्याचे सरळ 1 ते 5 व्होल्ट मिळतात.

फ्लेम डिटेक्टरने या पट्ट्याचा फार सुंदर उपयोग केला. साध्या दोन तारांच्या ट्रान्समीटरला त्या 4 मिलिअँपिअरवरच जगावं लागतं. हा मात्र 24 व्होल्टचा वेगळा पुरवठा घेतो, त्यामुळे त्याचा सिग्नल 4 च्या खालीही बोलू शकतो. अनेक मॉडेलांत 0 म्हणजे बिघाड किंवा तुटलेली तार, 2 म्हणजे काचेवर तेल-धूळ साचलेली, 16 म्हणजे इशारा आणि 20 म्हणजे आग. काच मळली आहे हे त्याला स्वतःच तपासावं लागतं: आतला छोटा दिवा ठरावीक वेळाने काचेवर प्रकाश टाकतो आणि परत येणारा प्रकाश सेन्सर मोजतो. आंधळा झालेला पहारेकरी स्वतःहून तसं सांगतो, ही या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची कमाई.

सोबतचे रिलेही रॉबिन्सनचेच वारसदार. बिघाडाचा रिले सहसा कायम ऊर्जित असतो आणि वीज गेली की सुटतो.

मिलिअँपिअरचे हे आकडे मात्र प्रत्येक उत्पादकाचे थोडे वेगळे असतात. म्हणून जुना डिटेक्टर काढून दुसऱ्या कंपनीचा बसवणाऱ्यांनी मॅन्युअलमधला तक्ता आणि कंट्रोल रूममधलं प्रोग्रॅमिंग शेजारी ठेवून प्रत्येक आकडा एकदा ताडून पाहावा.