कठीण संवाद, आपत्कालीन विभागातील (कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य)

रुग्ण अत्यवस्थ आहे, व्हेंटिलेटर लागेल, ‘पुढे न्या’ (मोठ्या रुग्णालयात हलवा) किंवा रुग्ण दगावला, हे नातेवाइकांना सांगण्याची तयारी, भाषांतर व सराव यांसाठी चॅटजीपीटीसारख्या (खुले : नोव्हेंबर २०२२) भाषाप्रारूपांचा केलेला उपयोग. २००० साली मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत कर्करोगाच्या रुग्णांसाठी होती. तिची पहिलीच पायरी निवांत जागा ही आहे. कॅज्युअल्टीत ती मिळत नाही. २०२३ च्या एका अमेरिकी अभ्यासात १९५ प्रश्नांना दिलेली चॅटबॉटची उत्तरे परीक्षकांना डॉक्टरांच्या उत्तरांपेक्षा सरस वाटली. पण ती लेखी उत्तरे होती, समोर रडणारे कोणी नव्हते.

विषबाधा : मराठवाड्यातील नमुनेदार प्रसंग. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशक प्यायलेला रुग्ण ॲट्रोपिन या उताऱ्यावर सावरतो, चहा मागतो. नातेवाईक सुट्टी कधी म्हणून विचारू लागतात. साधारण १ ते ४ दिवसांत काहींना उशीवरून मान उचलता येत नाही, मग श्वसनाचे स्नायू लुळे पडून नळी घालावी लागते. ‘चांगला बोलत होता, तुम्हीच काहीतरी केलं’ हा आरोप मग ठरलेला. म्हणून हे दाखल करतानाच सांगावे लागते. प्रारूपाला हा क्रम स्पष्ट देऊन बोली मराठी मागावी, उदा. ‘आज बोलतोय, पण धोका टळला नाही. दोन-चार दिवसांत श्वास अडकू शकतो, तेव्हा मशीन लावावी लागेल.’ मोघम विचारल्यास ‘श्वसनकार्यातील अपुरेपणा’ छापाचे मराठी हाती येते, ते बिनकामाचे. मान तपासून नळी घालण्याची वेळ ओळखणे डॉक्टरकडेच राहते.

भाषा : किनवट-माहूरकडे गोंडी, कोलामी, बंजारा, धर्माबाद-देगलूरकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, शहरांत दखनी. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषांतर-उपक्रमाचा (२०२२) मुख्य भर आठव्या अनुसूचीतील २२ भाषांवर, कोलामी व बंजारा त्यांत नाहीत. तेथे सोबत आलेला नातलगच दुभाषा.

कायदा : वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा अधिनियम २०१० चा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ ची. रुग्णाचे नाव वा केसपेपरचा फोटो प्रारूपात टाकू नये.

नांदेड : डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विष्णुपुरी. हिंगोली, परभणी व तेलंगणातूनही रुग्ण येतात. २०२३ च्या सप्टेंबरअखेर येथे २४ तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात; उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कारणांबाबत मतभेद आहेत; अशा वेळी नातेवाइकांना काय सांगावे, हाही कठीण संवादच.

लातूर : विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. विषबाधेविषयीचे वरील विवेचन येथेही लागू.